अडीच तासांवरचं कोलकाता

माझ्या धाकट्या भावाला कोलकात्यात नोकरी लागली तेव्हा आईची समजूत काढायला त्याने एकच मुद्दा लावून धरला होता. "आई, विमानाने अडीच तास. फक्त अडीच तास गं."

आई घाटकोपरच्या आमच्या घरात ओट्याशी उभी राहून बांगडे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "अडीच तास म्हणजे बोरिवलीच झाली."

ते खोटं नव्हतं. तिची मावसबहीण बोरिवलीला राहते आणि लग्नसराईत संध्याकाळी घाटकोपरहून तिच्याकडे पोचायचं म्हणजे कधी कधी तितका वेळ मोडतोच. भाऊ खूश झाला. "तेच सांगतोय ना मी! मी बोरिवलीला राहतो असं समज."

"आणि बोरिवलीक तरी मी वरसातून किती वेळा जातंय?" आईने विचारलं. 

आईला विमानाचं अप्रूप नव्हतं, कंटाळा होता. आमची जुनी चाळ, आणि आता त्याच जागेवर उभी असलेली सात मजली इमारत, उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालीच येते. विमानाचं पोट स्वच्छ दिसावं इतक्या खालून ती जातात. त्यामुळे आमच्या भागातल्या माणसांना वाक्याच्या मध्येच थांबायची सवय असते. विमान आलं की बोलणारा थांबतो, ऐकणारा थांबतो, आवाज अंधेरीच्या दिशेने निघून गेला की वाक्य सोडलं होतं तिथून पुढे सुरू होतं. लग्न होऊन मी मुलुंडला आले तेव्हा खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी बोलता बोलता थांबायचे. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने काळजीने विचारलं होतं, "तू मध्येच रुसतेस का?"

शिवाय आईची एक शंका होती. बहुतेक दिवस विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात आणि उडतात ती पलीकडे, जुहू-वर्सोव्याच्या बाजूने, समुद्रावर. म्हणजे आईने चाळीसएक वर्षं विमानं येतानाच पाहिली होती. "हय सगळी येतत," ती म्हणायची. "जातत खय ती? माका दिसाक नाय कधी." बाबा होते तोवर ते तिला समजावायचे. बाबा आधी गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर कांजूरमार्गच्या एका कारखान्यात होते. यंत्रं त्यांना कळायची, पण आईला विमान पटवून देणं त्यांनाही जमलं नाही. भावाच्या लग्नाला आम्ही सगळे दीड दिवस ट्रेनमध्ये बसून कोलकात्याला गेलो, कारण आई म्हणाली होती, "मी इमानात बसूचंय नाय. तुमका बसाचा तर बसा."

भावजय बंगाली आहे. भावाच्याच ऑफिसातली. तिची आई ती शाळेत असतानाच वारली, घरात ती आणि तिचे वडील, निवृत्त शिक्षक, असे दोघंच. लग्नाच्या दिवसांत आई आणि ती एकमेकींकडे बघून नुसत्या हसायच्या. आईची हिंदी घाटकोपरच्या मच्छीबाजारात घडलेली, तिची हिंदी कोलकात्याची, आणि दोघी मिळून पुल्लिंग-स्त्रीलिंगाची पार वाट लावायच्या. पण लग्नानंतर तिने रोज संध्याकाळी आईला फोन करायचा नेम धरला. विषय ठरलेला, मासे.

"आज कौन सा मच्छी लाया?"

"रुई, मा."

"वो नदी का है ना?"

"हाँ मा, नदी का."

"हां," आई म्हणायची. त्या एका 'हां'मध्ये गोड्या पाण्यातले मासे खाऊन दिवस काढणाऱ्या सगळ्या जनतेबद्दल तिची कळकळ असायची.

एके दिवशी आई मला फोनवर म्हणाली, "गो, ती पण 'गो' म्हणता." मला आधी कळेना. मग कळलं. आपल्याकडे जसं 'काय गो' म्हणतात तसं बंगालीतही प्रेमाने बोलताना शेवटी 'गो' लावतात. कुणीही न शिकवता, दोन मुलखांतल्या दोन बायकांना एकच शब्द मिळाला होता. आई त्या दिवशी फार खुशीत होती. "आपलीच आसा ती," म्हणाली.

लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. त्यावर आई कधी बोलली नाही. मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत भावाचा फोन आला आणि आईने तो ठेवल्यावर देवापुढे साखर ठेवली. आम्हाला सांगितलं मात्र दोन महिन्यांनी, "लवकर बोलू नये" म्हणून. बाळंतपण जूनमध्ये होतं. आईने मे महिन्याचं ट्रेनचं तिकीट काढून ठेवलं.

एप्रिलच्या सुरुवातीला मी ऑफिसच्या जिन्यावरून घसरले आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. नवरा सकाळी लवकर कामाला जाणारा, मुलगी कॉलेजात. आई कपड्यांची एक पिशवी घेऊन घाटकोपरहून मुलुंडला आली आणि माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी पलंगावर पाय उशीवर ठेवून पडायचे आणि ती दर तासाला येऊन काहीतरी खायला द्यायची. डिंक, खोबरं, खारीक आणून तिने बाळंतिणीसाठी लाडूही माझ्याच घरी करायला घेतले होते. "तुझ्या हाडाक पण बरे," म्हणून त्यातले चार मला मिळाले.

लाडू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही चहा पीत असताना, भावाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"ताई, हिला ॲडमिट केलंय. पहाटेपासून दुखतंय. डॉक्टर म्हणतात थांबवायचा प्रयत्न करू, पण आज-उद्यात काहीही होऊ शकतं." त्याचा आवाज कोरडा पडला होता. "आठवासुद्धा नीट लागला नाहीये. तिचे बाबा नुसते बसून आहेत, काही बोलत नाहीयेत. ताई, मला काही सुचत नाहीये. तू येशील का?"

मी माझ्या पायाकडे बघितलं. भावाला पायाचं माहीत होतं, पण त्या क्षणी तो विसरला होता. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "मी येतंय."

"आई, ट्रेनने दीड दिवस—"

"ट्रेन कित्याक? इमानान येतंय."

 आईने कपबश्या उचलल्या आणि आत नेऊन विसळायला लागली. मी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "आई, एकटीने जावं लागेल. मला येता येणार नाही गं."

"माका म्हायत आसा," नळाच्या आवाजावरून ती म्हणाली. मग बाहेर आली, पदराला हात पुसत, आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा गडबडलेला दिसला. पण ती म्हणाली ते भलतंच होतं. "तुका कोण बघतला?"

मुलीने कॉलेज बुडवलं, नवरा अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून परत आला. दुपारच्या विमानात जागा मिळाली. तिकीट काढताना तिथे व्हीलचेअरची सोय विचारली होती, ती मी आईला न सांगता घेतली. आईचे गुडघे चांगले आहेत, पण व्हीलचेअर घेतली की विमानतळावरचं माणूस दारापासून थेट सीटपर्यंत नेऊन बसवतं, एवढंच मला हवं होतं. तिने चुकीच्या रांगेत उभं राहून विमान चुकवलं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

"मी सोडायला येणार," मी म्हटलं. नवऱ्याने समजावलं, मुलगी रागावली. पण आई पहिल्यांदा विमानात बसणार आणि मी पलंगावर पडून राहणार, हे मला पटत नव्हतं. शेवटी टॅक्सीत मागच्या सीटवर मी आडवी, पाय आईच्या मांडीवर, पुढे नवरा, असे आम्ही मुलुंडहून निघालो.

वाटेत घाटकोपरला थांबणं भाग होतं, कारण आईला तिच्या साड्या हव्या होत्या. ती वर गेली आणि एक जुनी बॅग घेऊन खाली आली. बॅग डिकीत ठेवताना मला वास आला.

"आई, सुके बोंबील घेतलेस?"

"नाय."

"मग काय घेतलंस?"

"सुकट," ती म्हणाली. "वाईच. तीन पिशयेत बांधलंय. कोणाक वास येवचो नाय."

वाद घालायला वेळ नव्हता. असल्फ्याच्या पुढे गाडी मुंगीच्या पावलाने चालायला लागली. वर मेट्रोचे डबे सुळकन जात होते आणि आम्ही त्यांच्या खांबांखाली साकीनाक्याकडे सरकत होतो. नवरा दर मिनिटाला घड्याळ बघत होता. आई माझ्या प्लास्टरवर हात ठेवून शांत बसली होती. डोक्यावरून एक विमान गेलं, तिने खिडकीतून वर पाहिलं. तिचा अंगठा प्लास्टरवर हलत होता, एखाद्या लहान मुलाला थोपटावं तसा.

"भीती वाटतेय का गं?" मी विचारलं.

"वाटता," ती म्हणाली. "पण तिका आई नाय ना गो."

 ती कोणाबद्दल बोलते आहे हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

विमानतळावर पोचलो तेव्हा वेळ थोडाच उरला होता. नवरा दारावरच्या कुणाला तरी सांगून आला आणि निळा गणवेश घातलेली एक मुलगी व्हीलचेअर ढकलत धावत आली. टॅक्सीचं दार उघडं, त्यातून माझा पांढरा पाय बाहेर आलेला. ती मुलगी थेट माझ्याकडे आली, खुर्चीला ब्रेक लावला आणि माझ्या काखेत हात घातला. "या मॅडम, हळू."

"मी नाही! ह्यांना जायचंय," मी आईकडे बोट दाखवलं. आई एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लाडवांचा डबा घेऊन ताठ उभी होती.

मुलीने आईकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, मग परत आईकडे. "ह्यांना काय झालंय?"

"माका काय धाड भरली?" आई म्हणाली आणि मग तिला कळलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतले दिवस आठवले. "खुर्चेत बसून जाऊ? लोक काय म्हणतीत?"

"आजी, लाइन लय मोठी आहे आत," ती मुलगी म्हणाली. "खुर्चीत बसलात तर मी तुम्हाला सुसाट नेते. चालत गेलात तर विमान जाईल."

आई बसली. मांडीवर डबा घेतला. नवऱ्याने बॅग दिली. मुलगी खुर्ची वळवून खरंच धावत सुटली, आणि काचेच्या दारातून आत जाताना आईने मागे वळून न बघता फक्त एक हात वर केला. मी टॅक्सीत बसून रडले आणि हसलेही. टॅक्सीवाल्याने आरशातून बघितलं आणि पाण्याची बाटली पुढे केली.

घरी येऊन मी पुन्हा पलंगावर. मुलीने मोबाइलवर विमानाचा नकाशा काढून दिला. एक छोटं पिवळं विमान मुंबईवरून निघालं, आधी समुद्रावर गेलं, मग वळून जमिनीवर आलं. मी इतक्या वर्षांत बऱ्याच वेळा विमानात बसले आहे, पण बसलेल्या माणसाला अंतर कळत नाही. ते मला त्या दुपारी पलंगावर कळलं. नाशिक मागे पडलं. औरंगाबाद मागे पडलं. विदर्भ संपता संपेना. आईचा आजवरचा सगळ्यात नेहमीचा प्रवास घाटकोपर ते देवगड, आणि ती आता एका दुपारी आख्खा देश आडवा कापत होती. मी मुलीला म्हटलं, "आजी आत्ता छत्तीसगडवर आहे." मुलगी म्हणाली, "झकास!"

मध्ये भावाचा मेसेज आला. दुखणं थांबत नव्हतं. ऑपरेशनसाठी आत नेत होते.

ओडिशा ओलांडून विमान बंगालच्या सीमेजवळ आलं आणि गोल फिरायला लागलं. एक फेरी, दुसरी फेरी. मी मोबाइल हलवला, बंद करून चालू केला. पिवळं विमान तिथल्या तिथे फिरत राहिलं आणि मग त्याचं तोंड परत फिरलं. ते मागे निघालं.

मी नवऱ्याला हाक मारली. त्याने शोधून सांगितलं की कोलकात्यावर वादळ आलंय. उन्हाळ्यात तिथे संध्याकाळी अशी वादळं येतात, आधीपासून सांगून येत नाहीत. विमान भुवनेश्वरला उतरवत होते. मी भावाला फोन लावला, तो उचलेना. आईला लावला, बंद. अडीच तास होऊन गेले होते आणि माझी आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून, जिथे तिचं कुणीच नव्हतं अशा गावात उतरत होती. अर्धा तास मी दोघांचे नंबर आळीपाळीने लावत राहिले.

मग अनोळखी नंबरवरून फोन आला. "आंटी की बेटी?" एका तरुण मुलीचा आवाज. "एक मिनट, बात कीजिए."

"गो," आईचा आवाज आला, आणि तो चक्क मजेत होता. "आमका भलत्याच गावात उतरवल्यानी."

"आई! तू बरी आहेस ना?"

"मी बरी आसंय. सगळ्यांबरोबर बसलंय. इमानातच बसवून ठेवल्यानी. बाजूक चेडू बसलाहा, पवईक शिकता, कोलकात्याचा आसा. तेचाच फोन." मग आवाज खाली आला. "सुनेचा काय?"

मी सांगितलं की आत नेलंय.  "बरा," आई म्हणाली. "ठेव फोन. तुझ्या भावाचो फोन येयत."

त्या विमानात पुढे काय झालं ते आम्हाला आईने नंतर इतक्या वेळा सांगितलंय की मी स्वतः तिथे होते असं वाटतं. शेजारच्या मुलीने आपल्या फोनवरून भावाला मेसेज केला होता, आंटी माझ्या शेजारी आहेत, या नंबरवर कळवा. बाहेर अंधारून आलं होतं. विमानातले लोक वैतागले होते, कुणाचं लग्न होतं, कुणाची मीटिंग. दोन गृहस्थ हवाईसुंदरीशी भांडत होते. आई पदरात हात गुंडाळून बसली होती आणि गावच्या देवाला, वेतोबाला, हाका मारत होती. मग त्या मुलीचा फोन वाजला. तिने ऐकलं, तोंडावर हात ठेवला आणि फोन आईकडे दिला.

"आई," भाऊ म्हणाला, "मुलगी झाली. लहानशी आहे खूप, काचेच्या पेटीत ठेवलीय. पण रडली गं. मी ऐकलं. आणि ही पण ठीक आहे."

आईने फोन परत दिला आणि तिला काय करावं ते सुचेना. उठून उभी राहिली तर हवाईसुंदरी धावत आली, "आंटी, बैठिए." आई म्हणाली, "पोती हो गया." पोती झाली, झाला, कोण बघतंय. शेजारची मुलगी रडत होती, पुढच्या रांगेतल्या बाईने वळून विचारलं काय झालं, आणि बातमी रांगेरांगेने मागे गेली. आईने मांडीवरचा डबा उघडला. पेढे नव्हते, लाडू होते. आधी शेजारच्या मुलीला दिला, मग पुढच्या बाईला, मग हवाईसुंदरीला. मग भांडणाऱ्या दोन्ही गृहस्थांना, आणि ते खात असताना भांडण बंद पडलं. कुणीतरी विचारलं हे काय आहे, तेव्हा आईने तिच्या हिंदीत सांगितलं, "बच्चा होने के बाद खाते हैं. ताकद आता है." त्यावर एक म्हातारे काका म्हणाले की मग मला दोन द्या.

वादळ ओसरल्यावर विमान पुन्हा उडालं आणि रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला आई कोलकात्याला उतरली. भावाच्या मित्राने तिला थेट हॉस्पिटलात नेलं. भावजय अर्धवट गुंगीत होती. आई तिच्या उशाशी जाऊन बसली आणि कपाळावर हात ठेवला. "काय गो?" म्हणाली. भावजयीने डोळे उघडले, "मा गो," म्हणाली, आणि आईचा हात गालाखाली घेऊन झोपली. हे मला भावाने सांगितलं. आईने सांगितलं ते एवढंच, की डब्यात दोनच लाडू उरले होते आणि बाळंतिणीच्या हातावर दोन लाडू ठेवताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे सात-आठ आठवडे सोपे नव्हते. नात इतकी लहान होती की दोन तळहातांत मावली असती. नाकात नळी, पायाला पट्टी. रोज सकाळी भावाचा फोन यायचा आणि मी पहिल्यांदा वजन विचारायचे. एक दिवस वाढायचं, दुसऱ्या दिवशी तिथेच. एकदा तर कमी झालं.

बाळ जरा सावरल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की तिला पेटीतून काढून काही वेळ छातीशी धरून बसायचं, कातडीला कातडी लागेल असं. त्याने अशी मुलं वाढतात. आईने धरायचं, बाबांनी धरायचं, आजीनेही चालेल. भावजयीचे टाके दुखत होते, तिला फार वेळ बसवायचं नाही. भाऊ धरायचा, पण भीतीने त्याचे खांदे आखडायचे. मग आईची पाळी आली. तिथल्या नर्सने तिला स्वच्छ गाऊन दिला, हात धुवून घेतले आणि नळ्या सांभाळत नातीला तिच्या छातीवर उपडी ठेवली. आई दोन दोन तास तशी बसायची, पाठ न टेकता. "काय करतेस तेवढा वेळ?" मी फोनवर विचारलं.

"बोलतंय तिच्याशी."

"काय बोलतेस?"

"सगळा सांगतंय. देवगड, घाटकोपर. तुझो पाय मोडलो ता. बापूस तिचो भित्रो कसो ता." मग म्हणाली, "तिचो श्वास लागता हय छातेक. पाखरासारखो. आदी घाबरो आसता, मग माझ्यासारखो चलता."

जूनमध्ये, मूळ जेव्हा बाळंतपण व्हायचं होतं त्या सुमाराला, नातीला घरी सोडलं. माझं प्लास्टर निघालं होतं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी लंगडत लंगडत विमानात बसले आणि कोलकात्याला गेले. बाळ माझ्या हातात आलं तेव्हा मला तिचं वजन लागलंच नाही, पण तिने माझं बोट धरलं ते मात्र चांगलं घट्ट.

भाऊ लग्नापासून सासऱ्यांच्याच घरी राहतो; त्या घरात आई दिसली ती मला थोडी अनोळखीच. ती सकाळी भावजयीच्या वडिलांबरोबर बाजारात जायची. ते हळू चालायचे, ती त्यांच्यासाठी थांबायची. मासळीवाल्याला "कोतो?", म्हणजे केवढ्याला, असं विचारायची आणि त्याने सांगितल्यावर मालवणीत नाक मुरडायची, ते त्याला बरोबर कळायचं. गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल तिचं मत अजून बदललं नव्हतं, पण इलिश माशाबद्दल ती म्हणाली, "ह्यो एक बरो आसा. ह्यो समुद्रातसून नदीत येता ना, म्हणान."

सुकटीचं काय झालं ते तिथेच कळलं. पहिल्या आठवड्यात भावाने ती पिशवी बाहेर फेकायला काढली होती, घरात सासरे आहेत म्हणून. पिशवीची गाठ सुटली आणि आतल्या खोलीतून सासरे बाहेर आले. त्यांचे आई-वडील पूर्व बंगालातून आलेले, आणि सुक्या मासळीला तिकडे शुटकी म्हणतात. म्हातारे दारात उभे राहिले, खोल श्वास घेतला आणि बायको गेल्यानंतर या घरात हा वास आला नव्हता असं म्हणाले. आईने त्यांना कांदा आणि भरपूर मिरची घालून सुकट करून दिली. मुलीच्या काळजीत आठवडाभर नीट न जेवलेला माणूस त्या दिवशी दोनदा भात घेऊन जेवला.

ऑगस्टमध्ये आई परत आली, एकटी, खुर्चीबिर्ची न घेता. मी विमानतळावर घ्यायला गेले होते. "खिडकी मागून घेतलेली," तिने गाडीत बसायच्या आधीच सांगितलं. "आपली बिल्डिंग शोधी होतंय. काय दिसाक नाय. सगळ्या छपरार निळी ताडपत्री." आणि पुढच्याच वाक्यात ती म्हणाली की नोव्हेंबरचं तिकीट आत्ताच काढायला हवं.

नोव्हेंबरमध्ये नातीचं अन्नप्राशन होतं. सातव्या महिन्यात मुलीला पहिला भात भरवतात, बंगाल्यांकडे त्याचा मोठा सोहळा असतो. या वेळी आम्ही दोघी एकत्र गेलो. विमानात आईने मला पट्टा कसा लावायचा ते दाखवलं. वर गेल्यावर कानाला दडे बसले तर गिळायचं, असंही सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे गं. ती म्हणाली, "सांगितल्यान काय बिघडता?" अर्ध्या वाटेत तिने पलीकडच्या सीटवरच्या एका घाबरलेल्या बाईचा हात धरला आणि तिला वाऱ्याने विमान हलतं तेव्हा काय होतं ते समजावलं. ते साफ चुकीचं होतं, पण बाई शांत झाली.

समारंभाच्या दिवशी नातीला लाल बनारसी नेसवली होती, कपाळावर चंदनाचे ठिपके. डोक्यावर पांढरा मुकुट, तो ती सारखा ओढून काढत होती. पहिला घास मामाने किंवा आजोबांनी भरवायचा असतो. भावजयीला भाऊ नाही, म्हणून तिचे वडील पाटावर बसले. चांदीच्या वाटीत पायेश होता, तांदळाची खीर. त्यांनी चमचा उचलला आणि तो हातातच थांबला. मग त्यांनी आईकडे बघून बंगालीत काहीतरी म्हटलं.

भावजयीने आईला सांगितलं, "बाबा बोल रहे हैं, आप भी हाथ लगाइए मा. साथ में."

आई संकोचली. लोक बघत होते, घर भरलेलं होतं. "मी कित्याक? तुमचो मान आसा," ती मालवणीतच म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही, जागा करून दिली. मग आई खाली बसली आणि त्यांच्या हाताखाली तिने आपला हात धरला. दोघांनी मिळून तो चमचा नातीच्या ओठांशी नेला.

तिने चाटलं. तोंड वाकडं केलं, आम्हाला वाटलं आता रडणार. अर्धी खीर हनुवटीवरून बनारसीवर आली. भाऊ फोटो काढायचं विसरून नुसता बघत होता. मग तिने जीभ फिरवली, थोडा विचार केल्यासारखं केलं, आणि पुढच्या घासासाठी मोठ्ठा आ केला.